पावसाळा आला की हॉर्न गप्प: जुन्या गाडीतला बिघाड नेमका कसा शोधायचा

मृगाच्या सरी चार-सहा दिवस लागून राहिल्या की आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळी-वाळपई पट्ट्यात जुन्या गाड्यांची एक तक्रार हमखास सुरू होते: हॉर्न वाजत नाही. मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन, जिप्सी, स्प्लेंडर, एखादी सांभाळून ठेवलेली चेतक, गाडी कुठलीही असो. गॅरेजमध्ये नवा हॉर्न बसवतात, तो खणखणीत वाजतो आणि मालक समाधानाने घरी जातो. पुढच्या जूनमध्ये तोच नवा हॉर्न पुन्हा मुका होतो. किंवा कुणी काही न करताच ऑक्टोबरच्या उन्हात हॉर्न आपोआप वाजायला लागतो आणि मग पुढच्या पावसापर्यंत कुणाला त्याची आठवण राहत नाही.

आपोआप बरा होणारा आणि दर पावसात परत येणारा हा बिघाड स्वतःच खूण सांगून जातो. हॉर्न जळला असता तर उन्हाने तो परत वाजला नसता. दोष बहुतेक वेळा हॉर्नपर्यंत करंट नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या जोडांमध्ये असतो, आणि त्यातही परतीच्या वाटेत, म्हणजे अर्थिंगमध्ये. त्यामुळे हॉर्न विकत घेण्याआधी खालच्या तपासण्या करा. एक टेस्ट दिवा, साधा मल्टिमीटर, थोडी वायर आणि बटण दाबायला दुसरा माणूस एवढं पुरतं.

हे इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारण आपल्या रस्त्यांत आहे. गावातली वाट दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या कुंपणांमधून जाते, वळणापलीकडून येणारं दिसत नाही, पावसात झाडोरा आणखी आत वाकतो. चोर्ला घाटात धुकं उतरलं की समोरचा ट्रक त्याच्या दिव्यांआधी त्याच्या आवाजाने कळतो. अशा ठिकाणी वळणाआधी दिलेला एक छोटा हॉर्न अपघात टाळतो. हॉर्न बंद असलेली गाडी 'चालतंय तेवढं चालवू' म्हणून काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी नीट ऐका

बटण दाबल्यावर काय ऐकू येतं, यावर पुढची अर्धी वाट ठरते.

अजिबात काही नाही, कुठे 'टक'ही नाही, अशी शांतता असेल तर फ्यूज, बटण किंवा तुटलेली वायर हे पहिले संशयित. डॅशबोर्डखालून किंवा बोनेटमधून रिलेचा (बटणाच्या छोट्या करंटने हॉर्नचा मोठा करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचचा) 'टक' आवाज येतो पण हॉर्न वाजत नाही, तर बटण आणि रिलेपर्यंतची वायर ठीक आहे आणि दोष रिलेच्या पॉइंटमध्ये, म्हणजे आत एकमेकांना टेकून करंट जोडणाऱ्या टोकांमध्ये, किंवा त्याच्या पुढे आहे. खुद्द हॉर्नमधून एकदाच 'टक' येऊन थांबत असेल तर करंट पोचतोय, पण आतला पडदा गंजून अडकलाय किंवा पॉइंट चिकटलेत. आवाज घोगरा, बसका, घसा धरल्यासारखा येत असेल तर व्होल्टेज कमी पडतंय किंवा हॉर्नमध्ये पाणी, चिखल गेलाय. आणि स्टिअरिंग एका बाजूला वळवलं की वाजतो, सरळ केलं की बंद, असं असेल तर बोनेट उघडूच नका, दोष स्टिअरिंगमध्ये आहे.

बॅटरी आणि फ्यूज

हे दोन मिनिटांचं काम. गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १२.६ व्होल्ट मिळायला हवेत. १२.२ म्हणजे बॅटरी जेमतेम निम्मी भरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसलं पाहिजे. इंजिन चालू केल्यावर हॉर्न सुधारत असेल तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्न आणि मागचा ब्रेकचा दिवा एकाच फ्यूजवर असतात. म्हणून ब्रेक दाबून मागे कुणाला तरी बघायला सांगा. दोन्ही गेले असतील तर फ्यूज. काचेच्या नळीचा जुना फ्यूज असेल तर आतली तार शाबूत दिसूनही तो नीट काम करत नाही, कारण त्याला धरणाऱ्या पितळी चिमट्यांवर हिरवट थर चढलेला असतो. फ्यूज काढा, चिमटे बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, किंचित आवळा आणि परत बसवा. नवा घातलेला फ्यूज लगेच उडत असेल तर वायर कुठेतरी बॉडीला शॉर्ट होतेय. तिथे जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे गाडीला आग लावायची तयारी. शॉर्ट सापडेपर्यंत फ्यूज काढून ठेवा.

हॉर्न डायरेक्ट करून बघा

आता हॉर्नच्या दोन्ही वायरी काढा आणि बॅटरीपासून दोन वेगळ्या वायरी थेट हॉर्नला लावा. धन बाजूच्या वायरीत १५ अँपिअरचा फ्यूज असू द्या. एका टर्मिनलचा हॉर्न असेल तर दुसरी वायर त्याच्या लोखंडी पट्टीला, रंग खरवडून, लावा. वाजला तर हॉर्न निर्दोष आहे आणि नव्याचे पैसे वाचले. गोव्यातल्या जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा इथे हॉर्न वाजतोच. वाजला नाही तर हॉर्नच्या दुरुस्तीचा भाग पुढे आहे.

आपल्या गाडीचं बटण कुठल्या बाजूला आहे?

हे ओळखल्याशिवाय वायर शोधत बसण्यात वेळ जातो. हॉर्नची जोडणी दोन प्रकारची असते. एका प्रकारात बटण धन बाजूला असतं: बॅटरी, फ्यूज, बटण, हॉर्न, आणि हॉर्नमधून करंट बॉडीत. दुसऱ्या प्रकारात, जो पुष्कळ जुन्या कारमध्ये आढळतो, हॉर्नला फ्यूजमधून करंट कायम मिळत असतो आणि स्टिअरिंगवरचं बटण फक्त परतीची वाट जोडून देतं, म्हणजे ते अर्थिंगचं बटण असतं.

ओळखायची रीत सोपी आहे. चावी चालू करा, हॉर्नच्या सुटलेल्या वायरींपैकी एकेक टेस्ट दिव्याच्या एका टोकाला लावा आणि दुसरं टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला. बटण न दाबताच एका वायरीवर दिवा पेटला तर तुमचं बटण अर्थिंगच्या बाजूला आहे. बटण दाबल्यावरच पेटला तर धन बाजूला.

अर्थिंगचं बटण असेल तर आणखी एक झटपट चाचणी हाताशी येते. कायम करंट असलेली वायर हॉर्नला परत लावा, आणि हॉर्नच्या दुसऱ्या टर्मिनलवरून एक मोकळी वायर बॅटरीच्या ऋण टर्मिनलला टेकवा. हॉर्न वाजला, म्हणजे फ्यूज, त्याच्यापर्यंतची वायर आणि हॉर्न तिन्ही ठीक. उरलं फक्त स्टिअरिंग आणि तिथपर्यंत जाणारी वायर.

मीटरवर १२ व्होल्ट दिसतात, तरी हॉर्न वाजत नाही

इथे सावकाश वाचा, कारण चांगले अनुभवी लोकही इथेच चकतात आणि दर वर्षी परत येणारा बिघाड इथेच लपून राहतो.

हॉर्नचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, बटण दाबलं, १२ व्होल्ट दिसले. लगेच निष्कर्ष निघतो की करंट येतोय, म्हणजे हॉर्न खराब. पण मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, साध्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोधसुद्धा (करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) लाखो ओहममध्ये असतो. त्यामुळे वायरीतला एकच धागा शिल्लक असला किंवा बोल्टखाली गंजाचा पापुद्रा असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. कारचा डिस्क हॉर्न मात्र ३ ते ५ अँपिअर मागतो. अंगणातल्या पाइपात कचरा अडकला असला तरी नळ बंद असताना दाब पूर्णच असतो, नळ सोडला की धार करंगळीएवढी होते, तसंच हे.

थोडा हिशेब करून बघू. हॉर्न १२ व्होल्टवर ४ अँपिअर घेतो असं धरलं तर त्याचा रोध ढोबळमानाने ३ ओहम. अर्थिंगच्या बोल्टवर गंजामुळे फक्त १ ओहम वाढला, तर एकूण ४ ओहम, करंट ३ अँपिअर आणि त्या गंजातच ३ व्होल्ट जिरले. हॉर्नच्या वाट्याला ९ आले, आवाज घोगरा झाला. रोध २ ओहम झाला तर हॉर्नला जेमतेम ७ व्होल्ट मिळतात आणि तो बहुधा गप्पच बसतो. २ ओहम म्हणजे बोल्टखालची बोटाच्या नखाएवढी तांबूस जागा. डोळ्यांनी बघून ती 'ठीकच आहे' असं वाटतं.

म्हणून भार टाकून तपासायचं. टेस्ट दिवा विकत आणण्यापेक्षा इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याला दोन वायरी लावा. तो साधारण पावणेदोन अँपिअर घेतो. असे दोन बल्ब समांतर जोडले तर हॉर्नच्या जवळपास भार पडतो. हॉर्नच्या कनेक्टरमध्ये हा दिवा लावून बटण दाबा. लख्ख पेटला तर वायरिंग चांगलं. पिवळट, मंद पेटला तर मीटर काहीही दाखवो, वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

तो कुठे आहे हे मात्र मीटरच सांगतो, फक्त त्याला योग्य प्रश्न विचारावा लागतो. हॉर्न जोडलेलाच ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे खुद्द शिशाच्या टर्मिनलवर, लगवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या पकडीवर) नव्हे. लाल पिन हॉर्नच्या परतीच्या टर्मिनलवर. आता मदतनीसाला बटण दाबून धरायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत दिसलं तर उत्तम. ०.५ च्या वर गेलं तर परतीच्या वाटेत दोष आहे. पूर्ण १२ दिसले आणि हॉर्न गप्प असेल तर परतीची वाट कुठेतरी तुटलेलीच आहे. मग लाल पिन तिथेच ठेवून काळी पिन एकेका टप्प्यावर आणा: बॅटरीचा लग, बॅटरीची पट्टी जिथे बॉडीला बोल्ट केली ती जागा, हॉर्नजवळची बॉडी. ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा एकदम घसरतो, त्या दोन टप्प्यांच्या मधला जोड दोषी. हीच रीत धन बाजूला: एक पिन बॅटरीच्या धन खांबावर, दुसरी हॉर्नच्या धन टर्मिनलवर, बटण दाबून.

ही तपासणी एकदा हाताला बसली की हेडलाइट मंद, वायपर संथ, स्टार्टर कुरकुरतो, या सगळ्या तक्रारींना ती लागू पडते. जुन्या गाडीच्या मालकाला यापेक्षा उपयोगी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

जोड सापडला की बोल्ट पूर्ण काढा. नुसता आवळून उपयोग नाही, गंज आतच राहतो. लग, वॉशर आणि बॉडीची जागा पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड दिसेपर्यंत साफ करा. दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि त्यानंतर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा जाड थर द्या. आतल्या जागा पत्र्याला पत्रा टेकलेल्या असू द्या, ग्रीस बाहेरून पाणी अडवण्यासाठी. बॅटरीची मुख्य अर्थिंग पट्टी आतून हिरवी होऊन ठिसूळ झाली असेल तर ती घासत बसू नका, नवी घाला.

स्टिअरिंगमधला दोष

हॉर्न पॅड काढल्यावर बहुतेक जुन्या गाड्यांत एकच वायर दिसते. ती स्टिअरिंगच्या पाठीमागच्या पितळी कडीला जोडलेली असते, आणि त्या कडीवर कॉलमवरचा (स्टिअरिंगचा दांडा ज्या नळीत असतो तिच्यावरचा) स्प्रिंगचा छोटा ब्रश घासत राहतो. ती सुटी वायर एका लांब वायरीने चांगल्या बॉडीला टेकवा. हॉर्न वाजला, म्हणजे कडी, ब्रश आणि खालची वायर ठीक. आता तीच वायर स्टिअरिंगच्या मधल्या नटला टेकवा. इथे वाजला नाही तर स्टिअरिंगच्या दांड्यालाच अर्थिंग मिळत नाही. हा दोष फार जणांच्या लक्षात येत नाही. पुष्कळ गाड्यांत दांड्याच्या खालच्या टोकाला रबरी जोड असतो. रबरातून करंट जात नाही, म्हणून गाडीबरोबर तिथे एक पातळ पट्टी किंवा वायर दिलेली असते. कधीतरी स्टिअरिंगचं काम करताना ती काढली जाते आणि परत लावायची राहते. मग हॉर्न बेअरिंगमधून मिळेल तेवढ्या अर्थिंगवर जगतो, म्हणूनच स्टिअरिंग फिरवलं की वाजतो आणि सरळ केलं की थांबतो. रबरी जोडाच्या वरून खाली एक लवचीक वायर नीट लावली की प्रश्न मिटतो. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून ती वायर ताणली जात नाही ना, कुठे अडकत नाही ना, हे बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

सुटी वायर चांगल्या बॉडीला टेकवूनही वाजला नाही, तर स्टिअरिंग काढून कडी आणि ब्रश बघावा लागेल. कडीवर काळा थर असेल तर बारीक पेपरने साफ करा, ब्रशची स्प्रिंग दबते का ते बघा.

एअरबॅग असलेल्या गाडीत हे काम घरी करू नका. तिथे कडीऐवजी गुंडाळलेल्या फितीसारखं क्लॉक स्प्रिंग असतं, आणि त्या वायरींवर टेस्ट दिवा लावला तर एअरबॅग उघडण्याचा धोका असतो.

रिले

रिले असेल तर त्याच प्रकारचा दुसरा रिले, उदाहरणार्थ पंख्याचा, पायांचे नंबर जुळतात हे बघून अदलाबदल करा. वाजला तर रिले बदला. तसा हाताशी नसेल तर रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या खाचांमध्ये फ्यूज असलेली वायर क्षणभर जोडा. हॉर्न वाजला म्हणजे पुढची वाट ठीक, दोष रिले किंवा बटणाकडे.

जुन्या गाडीला रिलेच नसेल आणि कुणी मोठ्या आवाजाचे दोन हॉर्न बसवले असतील, तर सगळा भार, ८ ते १० अँपिअरपर्यंत, त्या छोट्या बटणातून जातो आणि बटणाचे पॉइंट जळतात. अशा वेळी रिले लावाच. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून ३० नंबरला, ८७ वरून हॉर्नला. आधी हॉर्नला येणाऱ्या दोन जुन्या वायरी ८५ आणि ८६ ला. हॉर्न एका वायरीचा असेल तर दुसरा पाय बॉडीला. हॉर्नची परतीची वायर चांगल्या बॉडीला वेगळी द्या. बॅटरीजवळचा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितकं चांगलं.

दुचाकी

मोटरसायकलचा हॉर्न पुढच्या चाकाच्या मागे किंवा हेडलाइटखाली असतो, म्हणजे चाकाने उडवलेलं सगळं पाणी थेट त्याच्यावर. पायलटच्या (भाड्याने माणसं नेणाऱ्या मोटरसायकलवाल्यांच्या) गाड्या पावसात दिवसभर उभ्या-चालत्या असतात, त्यांना हा त्रास सगळ्यात जास्त. डाव्या हाताच्या स्विचमधलं पाणी, हिरवे झालेले पॉइंट, आणि हँडल फिरतं त्या जागी आतून तुटलेली वायर, हे तीन मुख्य दोष. बटण दाबून हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवा. आवाज येत-जात असेल तर हेडलाइटच्या मागची वायर बोटांनी चाचपत जा. जिथे ती मऊ, रिकामी लागते तिथे आत तांबं तुटलेलं असतं, वरचं आवरण फक्त शाबूत असतं.

बॅटरी नसलेल्या जुन्या चेतकसारख्या स्कूटरला एसी हॉर्न असतो आणि तो थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावर, चालतो. इंजिन बंद असताना तो वाजणारच नाही, आणि आयडलिंगला क्षीण, रेस दिली की मोठा, हे त्याचं नेहमीचं वागणं आहे. त्याच्या जागी बॅटरीवरचा डीसी हॉर्न बसवला तर धड वाजत नाही, आणि एसी हॉर्न बॅटरीला लावून तपासला तर फक्त एक 'टक' येतो. त्यावरून तो खराब ठरवू नका. जुन्या गाडीची यंत्रणा ६ व्होल्टची की १२ व्होल्टची, हेही हॉर्न घेण्याआधी बघून घ्या.

हॉर्नच बिघडला असेल तर

डिस्क हॉर्नच्या आत एक कॉइल, एक पातळ लोखंडी पडदा आणि पॉइंटची जोडी असते. करंट आला की पडदा ओढला जातो, ओढला गेला की पॉइंट उघडतात, करंट तुटतो, पडदा परत येतो. हे सेकंदाला ४००-५०० वेळा होतं, तोच आपला आवाज. पॉइंटवर काळा थर आला किंवा पडद्याला गंज धरला की हे चक्र थांबतं.

बऱ्याच हॉर्नच्या मागे लाखेने किंवा रंगाने बंद केलेला एक छोटा स्क्रू असतो. हॉर्न बॅटरीला जोडा आणि स्क्रू एका वेळी पाव फेरा इतकाच फिरवत थोडं-थोडं वाजवून बघा. आधी कुठे होता ती खूण करून ठेवा. आवाज मोकळा झाला की थांबा, स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. मधला मोठा नट मात्र हलवू नका, त्याच्यावर पडद्याची बैठक ठरलेली असते. गंजाने पडद्याला भोक पडलं असेल तर नवा हॉर्न हाच उपाय.

शंखाच्या आकाराचा हॉर्न असेल तर तोंडातून आत बॅटरी लावून बघा, विजेची नव्हे, उजेडाची. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते, विशेषतः गाडी महिना-दोन महिने उभी असेल तर. वायरने खरवडून बाहेर काढा आणि धुऊन पूर्ण वाळवा.

परत होऊ नये म्हणून

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पण नुसतं पाणी एवढं नुकसान करत नाही. हरमल, मांद्रे, कोलवा, बाणावली भागातल्या खाऱ्या वाऱ्याने, किंवा रोज रायबंदर-चोडण फेरीबोटीने जाणाऱ्या गाडीवर खाडीच्या पाण्याच्या शिंतोड्यांनी मीठ बसतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पाऊस थांबला तरी कनेक्टर आतून ओलेच राहतात आणि तांबं हिरवं होत जातं. खाणपट्ट्यातल्या गाड्यांवर लाल मातीचा थर बसतो, तोही ओल सोडत नाही. उन्हाळ्यात हे सगळं वाळतं आणि हॉर्न वाजतो, पण गंज आतच असतो.

म्हणून कामाची वेळ मे महिना. सगळं कोरडं असताना हॉर्नचे कनेक्टर उघडून साफ करा, वर सांगितल्याप्रमाणे अर्थिंगचे बोल्ट करा, व्हॅसलीन लावा. कुठेही वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेली दिसली तर ती काढा. आपल्या हवेत ती टेप सुटते आणि आत पाणी साठवते. जोड क्रिंप करा (धातूच्या कनेक्टरमध्ये दाबून बसवा) किंवा सोल्डर करून त्यावर श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा. हॉर्नकडे जाणारी वायर कनेक्टरच्या खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. हॉर्नचं तोंड पुढे आणि किंचित खाली असावं, आणि त्याची चकती बॉडीला कुठेही टेकू नये, टेकली की आवाज मरतो. सर्व्हिसला गाडी धुताना बंपरच्या जाळीतून आत जोराचा फवारा मारू नका असं आधीच सांगून ठेवा. पावसात बोनेटखाली उंदीर शिरतात, कुरतडलेली वायर दिसली तर ती पूर्ण बदला.

थांबतच नसेल तर

कधी उलटं होतं: गाडी उभी असताना हॉर्न वाजायला लागतो आणि थांबत नाही. रिले असेल तर तो उपटा, नसेल तर हॉर्नचा कनेक्टर काढा, नाहीतर फ्यूज. अर्थिंगच्या बटणाच्या गाडीत याचा अर्थ बटणाची वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागलीय, बहुधा कॉलमच्या आत. रिले असेल तर त्याचे पॉइंट चिकटलेलेही असू शकतात. हॉर्न फार वेळ वाजत राहिला तर कॉइल तापून जळते, म्हणून आधी आवाज तोडा, कारण नंतर शोधा.

कायद्याचं थोडं

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११९ प्रमाणे गाडीला चालू हॉर्न हवाच, आणि बदलत्या सुरांचा किंवा कर्कश हॉर्न चालत नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरण करताना तपासणीत हॉर्नही बघतात. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तेव्हा रस्त्यावर राहिलेल्या बहुतेक ८०० या टप्प्यातून गेलेल्या आहेत, बाकीच्यांची पाळी जवळ आलीय. तपासणीच्या आदल्या दिवशी घाईने भोंगा बसवून घेण्यापेक्षा मे महिन्यात अर्थिंग करून घ्या. विनाकारण हॉर्न वाजवणं किंवा शांतता क्षेत्रात वाजवणं यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ खाली पहिल्या वेळी १००० आणि पुढे २००० रुपये दंड आहे.

एवढं करूनही दोष सापडला नाही तर इलेक्ट्रिशियन मेस्त्रीकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: हॉर्न बॅटरीवर डायरेक्ट वाजतो की नाही, बटण धन बाजूला आहे की अर्थिंगला, बटण दाबून धरल्यावर दोन्ही बाजूंना किती व्होल्ट जिरतात, आणि स्टिअरिंग किंवा हँडल फिरवल्यावर काही फरक पडतो का. कामाला लागण्याआधी त्याला सांगा, 'मेस्त्री, हॉर्न चांगला आहे, वायरिंग बघा.'